चुलीपासून पाचशे मीटर

गुरुवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी निवृत्त मोजणीदारांनी पोलादी टेप घेवड्याच्या मुळाशी टेकवली, चष्मा नाकावर सरळ केला आणि आकडा वाचला. घेवडा चार मीटर दहा सेंटिमीटरनी बाहेर होता.

फाटकापलीकडे, रस्त्यावरच्या शेवटच्या खडूच्या खुणेवर, टेपचं शून्य अंगठ्याखाली दाबून रेस्टॉरंटचा आचारी उकिडवा बसला होता.

"किती आले?" त्याने तिथूनच विचारलं.

"चोवीस मीटर दहा."

"चारशे ऐंशी आणि चोवीस..." आचाऱ्याने बेरीज अर्ध्यावर सोडली. "काका, मी काही ऐकलं नाही. सकाळी मला कमी ऐकू येतं."

"मग दुपारी पुन्हा मोजू."

"दुपारी कमी दिसतं."

मोजणीदारांनी वहीत आकडा टिपला, खाली तारीख आणि वेळ घातली आणि टेप पुसत पुसत गुंडाळायला घेतली. माती लागलेली टेप गुंडाळायची नाही, हा चौतीस वर्षांचा शिरस्ता. टेप पुसून होईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही की हा वेल आपल्या बायकोचा आहे. म्हणजे माहीत होतं, पण लक्षात आलं नव्हतं.

ज्या रेस्टॉरंटच्या चुलीपासून ही मोजणी सुरू झाली, ते त्याच सरळ रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे आधी टायरचं दुकान होतं. आताचा मालक पूर्वी साबणाच्या जाहिराती लिहायचा. साबणात फेस किती असतो हे कळल्यावर त्याने ती नोकरी सोडली आणि सव्वा वर्षापूर्वी हे रेस्टॉरंट काढलं. नाव ठेवलं 'पाचशे मीटर'. मेनूच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं की इथलं सगळं काही आमच्या चुलीपासून पाचशे मीटरच्या आत उगवतं आणि ऋतू देईल तेवढंच आम्ही वाढतो. चूल म्हणजे चार बर्नरची गॅसची शेगडी. पण मेनूत शेगडी शोभत नाही.

ऋतू कधी कधी फार थोडं देतो. गेल्या वर्षी तीन आठवडे त्याने फक्त लाल भोपळा दिला. मालकाने भोपळ्याचं सूप, भोपळ्याचा काप, भोपळ्याची साल, भोपळ्याच्या बिया आणि शेवटी 'भोपळ्याची आठवण' असे पाच पदार्थ वाढले. आठवण म्हणजे रिकामी वाटी, आतून भोपळ्याने पुसलेली. आचारी ती वाटी टेबलावर ठेवताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत नसे. पण टेबलं भरलेली असत, कारण लोकांना भोपळ्यापेक्षा आपण भोपळा समजून घेतो आहोत याची भूक जास्त होती.

आत शिरल्यावर समोर काळा फळा आहे. त्यावर खडूने रोज लिहिलं जातं की कोणती वस्तू कुणाच्या परसातली. टोमॅटो रेस्टॉरंटच्या मागच्या अंगणातले. लिंबू शिंपीणबाईंचं. आणि दोन महिन्यांपासून घेवडा, त्यापुढे मोजणीदारांच्या बायकोचं नाव.

तिला सगळा रस्ता काकू म्हणतो. नोकरीत मोजणीदारांच्या अकरा बदल्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी काकूंनी मोरीच्या पाण्यावर काहीतरी वेल चढवला आणि तो फुलावर आला की बदलीचा हुकूम आला. अकरा गावांत काकूंनी लावलेल्या शेंगा दुसऱ्यांनी खुडल्या. निवृत्तीनंतर घेतलेल्या या घरातला घेवडा हा पहिलाच, ज्याच्या शेंगा त्यांच्या स्वतःच्या हाताला लागल्या. त्यात भर म्हणजे फळ्यावरचं नाव. तोपर्यंत ते मतदारयादीत आणि दवाखान्याच्या कागदावर असायचं, तेही नवऱ्याच्या नावाला लटकून. फळ्यावर ते एकटं होतं, ठसठशीत. काकू रोज अकराच्या सुमारास दोरा आणायला म्हणून त्या बाजूला जात. घरात आता एवढा दोरा साठला होता की अख्ख्या रस्त्याचे कपडे शिवून झाले असते.

बिघाड केला दातांच्या डॉक्टरांनी. त्यांच्या दवाखान्याच्या गच्चीवर कुंड्यांत मिरच्या आहेत. मालकाने पावलांनी मोजून पाचशे वीसचा अंदाज काढला आणि त्या नाकारल्या. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्याही घरच्याच. भरल्या हॉटेलात उभं राहून ते म्हणाले, "माझ्या मिरच्या बाहेर आणि रस्त्याच्या पार टोकाचा घेवडा आत? मोजलंय कुणी? की काकूंनी तुम्हाला शेंगा जरा जास्त दिल्या?"

नेमकं त्याच आठवड्यात, शुक्रवारी, स्थानिक स्वाद परिषदेची मंडळी जेवायला येणार होती. पसंत पडलं तर दारावर पितळी पाटी लागणार होती. परिषदेच्या अर्जात एक ओळ होती, 'अंतराचा मोजणी दाखला जोडावा'. मालक बुधवारी संध्याकाळी मोजणीदारांकडे आला. काकू त्या दिवशी दुसऱ्यांदा दोरा आणायला गेल्या होत्या.

"काका, तुमच्यासारखा माणूस रस्त्यात असताना मी बाहेर कुणाला विचारू?"

निवृत्तीला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत मोजणीदारांना कुणी काही मोजायला सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून पलंग मोजला होता, दूधवाल्याचं माप मोजलं होतं, आणि दूधवाला बदलावा लागला होता. मालकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते टेप शोधायला उठले. घर आत असेल याची त्यांना खात्री होती. नजरेनं त्यांनी चारशे नव्वद धरलं होतं.

नजर चुकली, टेप चुकली नाही.

"काय चाललंय पहाटेपासून माझ्या वेलाशी?" काकू मागच्या दारात आल्या. हातात चहाचे दोन कप होते.

आचारी फाटकाबाहेरूनच "मी निघतो, दूध उतू जाईल" असं म्हणाला आणि गेला. रेस्टॉरंटात दूध येतच नाही, कारण पाचशे मीटरच्या आत गाय नाही.

मोजणीदारांनी सांगितलं. आडवळण घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मूळ पाचशे चार दहावर. फाटकाची भिंत चारशे शहाण्णव ऐंशीवर. म्हणजे पाचशेची रेघ घरातून जाते. खडू हातात होताच, त्यांनी ती दाखवलीही. स्वयंपाकघरात शेगडी आत राहिली, पाण्याचं पिंप बाहेर गेलं. झोपायच्या खोलीत रेघ पलंगावरून गेली. काकूंची उशी आत, मोजणीदारांची बाहेर.

"तुमची उशी बाहेर आहे हे मला आधीपासून माहीत आहे," काकू म्हणाल्या. "त्याला टेप कशाला?"

"वेल बाहेर आहे, असं म्हणतोय मी."

"वेल बाहेर कसा? मूळ बाहेर आहे. वेल छपरावरून पुढे आलाय. शेंगा सगळ्या पुढच्या भिंतीवर लटकतात. लोक शेंगा खातात, मुळं नाही खात."

"खोड जिथं, झाड तिथं. जमिनीच्या कामात असंच धरतात."

काकूंनी कप खाली ठेवला. "माझं खोड माहेरचं. शेंगा तुमच्या घरी आल्या, दोन मुलगे आणि एक मुलगी. मग मी कुठली?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तुमच्या हिशोबानं मी अजून माहेरीच आहे. बरं झालं सांगितलंत, बॅग भरते."

"अगं, मी आकडा सांगितला. आकडा कुणाचा सगा नसतो."

"ते मला नका सांगू. माझ्या भावाची भिंत पाडलीत, आता माझा वेल उरला होता."

भिंतीची गोष्ट खरी होती. तेवीस वर्षांपूर्वी मोजणीदारांनी मेव्हण्याची भिंत रस्त्यात दीड हात पुढे आहे असं लिहून दिलं होतं. मेव्हणा तेव्हापासून घरी येतो, जेवतो, पण मोजणीदारांना मीठसुद्धा मागत नाही, बहिणीमार्फत मागतो.

दहा वाजता मालक धापा टाकत आला. आचाऱ्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण त्याने सगळं सांगितलं होतं. मालकाच्या हातात फोन होता.

"काका, फोनवर बघा. चारशे शहाण्णव!"

"कुठे उभा आहेस?"

"तुमच्या फाटकात."

"मुळाशी जा."

मालक मुळाशी गेला. फोन पाचशे अकरा म्हणाला. त्याने फोन हलवला, उंच धरला, दुसऱ्या हातात घेतला. फोन चारशे नव्याण्णव म्हणाला.

"हा बघा! आत!"

"फोन माणसासारखाच आहे," मोजणीदार म्हणाले. "समोरच्याचं तोंड बघून बोलतो."

मालक पायरीवर बसला. जाहिराती लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट येते, अडचणीला दुसऱ्या बाजूने धरणं. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला. "काका, अंतर चुलीपासून आहे ना? मग चूलच साडेतेरा फूट पुढे आणली तर?"

मोजणीदारांनी विचार केला. हिशोबाने त्यात चूक नव्हती. "मग दुसऱ्या बाजूचं शिंपीणबाईंचं लिंबू बाहेर जाईल. ते चारशे अठ्ठ्याण्णववर असेल, तूच म्हणाला होतास."

"लिंबू सोडू. घेवडा महत्त्वाचा. शुक्रवारचा मुख्य पदार्थ घेवडा आहे, कार्डं छापून झालीत."

दुपारी ही योजना आचाऱ्यासमोर मांडली गेली. त्याने पळी खाली ठेवली आणि साडेतेरा फूट चालून दाखवले. ते तिसऱ्या टेबलाच्या मधोमध संपले.

"इथं चूल ठेवायची? गॅसची नळी कुठून आणू? धुराडं काय गिऱ्हाइकाच्या डोक्यावर धरू? सूप पिता पिता माणसाची पाठ भाजून निघेल."

"ते आपण अनुभव म्हणून देऊ शकतो," मालक म्हणाला.

"द्या. मी अनुभव म्हणून नोकरी सोडतो."

चूल जागेवर राहिली. संध्याकाळपर्यंत शिंपीणबाईंनाही बातमी लागली आणि त्यांनी त्या दिवसापासून लिंबं बंद केली. मालक रात्री पुन्हा मोजणीदारांकडे आला आणि या वेळी दारातच उभा राहिला. दाखल्यावर एकच शब्द लिहायचा होता, 'आत'. त्याखाली सही. त्याने हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखे धरले.

मोजणीदार म्हणाले, "कागद उद्या घेऊन येतो."

त्या रात्री घरात फक्त भांडी बोलत होती.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता परिषदेच्या अध्यक्षीणबाई दोन सदस्यांसह आल्या. मोजणीदार आणि काकू यांना 'उत्पादक' म्हणून शेजारच्या टेबलावर बोलावलं होतं. काकूंनी ठेवणीतले कपडे घातले होते. रेस्टॉरंटात बसून जेवायची त्यांची ही पहिलीच वेळ. फळ्याकडे तोंड येईल अशी खुर्ची त्यांनी निवडली. नाव अजून होतं.

टेबलावर कार्ड होतं. 'सात वाजून दहाची शेंग. चुलीची धग, लिंबाची सावली, आणि बाकी काही नाही.' लिंबं न आल्यामुळे सावलीसुद्धा नव्हती. परातीएवढ्या पांढऱ्या ताटलीत तीन शेंगा होत्या, एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या लांब लांब ठेवलेल्या.

काकूंनी एक शेंग चावली. "शिजली नाही."

मालक खाली वाकला. "काकू, ती तशीच ठेवलीय. मुद्दाम."

"कच्चं ठेवायला मुद्दाम काय करावं लागतं?"

पलीकडे अध्यक्षीणबाई डोळे मिटून जेवत होत्या. त्यांनी टोमॅटोचं सूप घेतलं आणि कपाळावर आठी आणली. "हा टोमॅटो बराच चालून आलाय. थकलाय." एका सदस्याने मान हलवली, दुसऱ्याने लिहून घेतलं. टोमॅटो चुलीपासून नऊ मीटरवरचे होते. आचारी दारात उभा होता, तो आत निघून गेला.

मग अध्यक्षीणबाईंनी शेंग तोंडात घातली आणि बराच वेळ चावली. चावण्याजोगी ती होतीच. हळूहळू त्यांचा चेहरा विरघळला.

"हिच्यात अंतरच नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच," पहिला सदस्य.

"मुळीच नाही," दुसरा.

"ही शेंग इतकी जवळची आहे की मला ती ऐकू येतेय. दोनशे मीटर. फार तर दोनशे दहा."

दाखल्याचा कागद मोजणीदारांच्या खिशात कोराच होता. त्यांनी रात्रभर ठरवलं होतं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं, आणि कुणी न विचारो म्हणून मनात प्रार्थना करायची. पण दोनशे दहा हा आकडा त्यांच्या कानात खड्यासारखा गेला. चौतीस वर्षांत त्यांच्यासमोर कुणी एवढा चुकीचा आकडा एवढ्या खात्रीने उच्चारला नव्हता.

"पाचशे चार दहा," ते म्हणाले.

अध्यक्षीणबाईंनी डोळे उघडले. "काय?"

"पाचशे चार मीटर दहा सेंटिमीटर. मूळ. शेंगा चारशे सत्त्याण्णव ते पाचशे दोनपर्यंत आहेत. पण मोजायचं मुळापासून."

मालकाच्या हातातला पाण्याचा जग तिरपा झाला आणि पाणी सदस्याच्या वहीत गेलं. दातांचे डॉक्टर कोपऱ्यातल्या टेबलावर एकटेच जेवत होते, त्यांनी सगळे दात दाखवले.

"म्हणजे आत की बाहेर?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मोजणीदारांनी फळ्याकडे बघितलं नाही, बायकोकडे बघितलं नाही. "बाहेर," ते म्हणाले.

काकूंनी काटा ताटलीच्या कडेला नीट ठेवला, रुमालाने तोंड पुसलं. आवाज चढवला नाही.

"मला नोटीस कधी दिलीत?"

"काय?"

"नोटीस. जागा मोजायची तर मोजणीच्या आधी धारकाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. वेल माझा. मला नोटीस कधी मिळाली?"

हॉटेलात कुणी चावतसुद्धा नव्हतं. हा नियम मोजणीदारांनी आयुष्यात हजारदा पाळला होता. ज्यांच्या शेताकडे वाघसुद्धा जात नाही अशा धारकांना त्यांनी नोटिसा पाठवल्या होत्या. कचेरीत माणसं कमी असत म्हणून ते पाकिटं घरी आणत आणि रात्री जेवणं झाल्यावर काकू ती डिंकाने चिकटवत. चिकटवता चिकटवता वाचतही असत, हे मोजणीदारांना माहीत नव्हतं. आणि काल, स्वतःच्या परसात, बायकोच्या वेलाला ते सरळ टेप लावून मोकळे झाले होते. शेजारचा वेल असता तर हे झालं नसतं.

"नोटीस न देता केलेल्या मोजणीचं काय होतं?" काकूंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांना नवऱ्याच्याच तोंडून हवं होतं.

"रद्द होते," मोजणीदार म्हणाले. मग आणखी हळू म्हणाले, "पण मूळ काही हललेलं नाही."

"ते नोटीस दिल्यावर बघू."

अध्यक्षीणबाईंनी टाळी वाजवली. जेवणात एवढं नाट्य त्यांना आजवरच्या कुठल्याच पाटीच्या वेळी मिळालं नव्हतं. निर्णय पुढच्या मोजणीपर्यंत राखून ठेवण्यात आला. पाटी पुठ्ठ्याच्या खोक्यासकट काउंटरखाली गेली.

परत येताना दोघं रस्त्याने चालत होते. खडूच्या खुणा अजून होत्या, दर तीस मीटरला एक. सातवी खूण आली.

"मला खोटा दाखला नको होता," काकू म्हणाल्या. "तुम्ही 'आत' लिहिलं असतं तर मीच तो कागद फाडला असता. तुमच्या सहीवर इतकी वर्षं भाकरी खाल्ली आहे."

"मग?"

"विचारायला काय झालं होतं? अगं, तुझा वेल मोजायला सांगितलाय, मोजू का? एवढंच. मी मोजा म्हटलं असतं. नाहीतर नको म्हटलं असतं. दोन्हीपैकी काहीतरी मला म्हणता आलं असतं की नाही?"

आठव्या खुणेपाशी मोजणीदार म्हणाले, "नोटीस उद्या देतो."

शनिवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी नोटीस लिहिली. कोरा कागद, समास, विषय, धारकाचं पूर्ण नाव. नाव लिहिताना ते क्षणभर थांबले. बायकोचं नाव त्यांनी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. मग स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर त्यांनी टकटक केली. काकूंनी हात पुसले, नोटीस शेवटपर्यंत वाचली, पोच म्हणून सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'हरकत राखून'.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं. "की कामावर असताना चालत नाही?"

"चालत नाही," मोजणीदार म्हणाले आणि घेतला.

रविवारी मालकाने फळा पुसला आणि नव्याने लिहिला. 'वादग्रस्त घेवडा. मोजणी रद्द. निकाल प्रलंबित.' खाली काकूंचं नाव, आधीपेक्षा दुप्पट मोठं.

ऋतूने दिलेलं काहीही एवढं खपलं नव्हतं. दोन आठवडे त्या पदार्थासाठी दाराबाहेर रांग लागली. लोक शेंग उजेडात धरून बघत आणि एकमेकांना विचारत, तुझी आतली की बाहेरची? दोन जिवलग मित्र यावरून भांडले आणि वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन बसले. दातांचे डॉक्टर तीनदा जेवून गेले. वादासाठी प्रतिपक्षाचा माल चाखायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. जाताना त्यांनी आपल्या मिरच्यांचीही नोटीस देऊन मोजणी व्हावी असा अर्ज ठेवला. शिंपीणबाईंनी लिंबं पुन्हा सुरू केली, पण फळ्यावर आपल्याही नावापुढे काहीतरी वाद लिहावा अशी अट घातली. आचारी आता शेंगा पूर्ण शिजवू लागला होता, कारण काकू रोज सकाळी टोपली द्यायला स्वतः येत आणि पातेल्याचं झाकण उचलून बघत. गिऱ्हाइकांना शिजलेल्या शेंगा आवडल्या. मालकाने त्याला 'चुलीचा संयम' असं नाव दिलं.

मोजणीदार या दिवसांत घरीच बसून होते. बाहेर पडलं की कुणीतरी विचारायचं, "काय काका, हललं का मूळ?" आकडा त्यांच्या वहीत होता तसाच होता. काकू फळ्यावरचं नाव बघून घरी येत, त्यांना वाढत, हसून बोलत. आणि त्यांना एक गोष्ट छळत होती. पंधरा दिवसांनी टेप पुन्हा लावली की तोच आकडा येणार, आणि या वेळी तो कुणालाही रद्द करता येणार नाही. तेवीस वर्षं झाली तरी मेव्हणा निदान जेवायला तरी येतो. बायको जेवायला कुठे येणार?

मोजणीचा दिवस सोमवारचा होता, वेळ सकाळी अकराची. जमायचं ठिकाण चूल. अध्यक्षीणबाई सदस्यांसह हजर होत्या. मालक, डॉक्टर, शिंपीणबाई हजर होते. आचारी टेपचं शून्य धरायला तयार होता आणि त्याला आज सगळं ऐकू येत होतं. मोजणीदारांनी टेप, खडू, वही आणि तासलेली पेन्सिल टेबलावर ओळीने मांडली.

धारक हजर नव्हत्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आचाऱ्याने एप्रनच्या खिशातून कागद काढला. सकाळच्या टोपलीत शेंगांच्या वर ठेवलेला होता, असं तो म्हणाला. काकूंचं अक्षर, समास सोडलेला, विषय लिहिलेला. 'उभ्या पिकात मोजणी करू नये असा नियम आहे. घेवड्याचा हंगाम अजून सहा आठवडे चालेल. तरी कृपया पुढची तारीख मिळावी.' खाली सही.

मोजणीदारांनी कागद दोनदा वाचला. नियम बरोबर होता. पीक उभं असेल तर धारकाच्या अर्जावरून मोजणी पुढे ढकलता येते. ढकलता येते, ढकललीच पाहिजे असं नाही. ते मोजणीदाराच्या मर्जीवर असतं. आणि सहा आठवड्यांनी हंगाम संपला की घेवडा वाळतो, वाळला की उपटतात. मग मोजायला तिथे माती राहील, मूळ नाही.

"असं चालतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "हे तर कुंपणानंच शेत खाल्लं!"

"काका, द्या तारीख," मालक हळूच म्हणाला. बाहेर रांग लागायला सुरुवात झाली होती.

"मोजणी तुमची," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तारीख द्यायची की नाही हे तुम्हीच सांगा. आम्ही चवीची माणसं."

मोजणीदारांनी पेन्सिल उचलली. अर्जाच्या डाव्या समासात शेरा लिहायची जागा होती. काकूंनी ती मुद्दाम जरा रुंद सोडली होती.

अकरा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत त्या जागेत काहीही लिहिलं गेलं नव्हतं.